उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके

हमीदभाई सोमवारी वारले. त्यांचा कॅमेरा नागपूरहून गुरुवारी आला. सोबतच्या कागदावर लिहिले होते, ‘शटर बदलले. शुल्क नाही.’

यंत्रमागांच्या नव्हे, आमच्या लहान मालेगावच्या बसस्थानकाजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नात नवरा-नवरी अगदी नीट मधोमध उभे असले तरी हमीदभाई म्हणत, "जरा बाजूले सरा, बेटा." लोकांना ती त्यांची लकब वाटे. खरे कारण मला ठाऊक होते, कारण कॅमेऱ्याच्या कंपनीला इंग्रजीत पत्रे लिहून देणारा शाळामास्तर मीच.

कॅमेरा घेऊन सहा महिने होत नाहीत तोच प्रत्येक फोटोत उजवीकडे वर, एकाच जागी, तीन काळपट ठिपके येऊ लागले. शटर चालताना आतले तेल उडे आणि सेन्सरवर बसे. पुसले की आठवड्याने पुन्हा. त्या मॉडेलच्या मालकांनी इंटरनेटवर याच तक्रारीचा ढीग घातला होता. सगळ्यांना माहीत होते. माहीत नव्हते फक्त बनवणाऱ्याला. कंपनीने कळवले, आपल्या भागात धूळ फार आहे.

"धूळ मालेगावची," हमीदभाई म्हणाले, "मंग तेल कोणाचं?"

पुढच्या पत्रात कंपनीला ‘आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल’ खेद वाटला.

"अनुभव मले कुठी आला, गुरुजी? कॅमेऱ्याले आला."

ती पत्रे घडवणाऱ्याने पुष्कळ वाचलेले असावे, आणि त्यातले काहीही मनावर घेतलेले नसावे. एवढ्या सभ्य शब्दांत इतका कोडगेपणा मी दुसरीकडे वाचलेला नाही.

हमीदभाईंची अपेक्षा मोठी नव्हती. त्यांचे वडील शिंपी होते. "शिलाई उसवली म्हणून गिऱ्हाईक आलं, त अब्बा आधी सुई काढत. तुमाले घामच लई येते, असं नाही म्हणत. ऐब आपला हाय, इतकं सांगाले काय जीव जाते?"

शेवटी कंपनीने पुरावा मागितला. ठिपके स्पष्ट दिसतील असे फोटो हवे होते. मी संगणकावर त्यांची चार वर्षांची लग्ने उघडली आणि हबकलो. एकाही फोटोत ठिपका दिसेना. त्या जागी प्रत्येक वेळी काहीतरी गडद आणून ठेवलेले: मांडवाचा खांब, मामाचा कोट, केनवडच्या एका लग्नात तर म्हैस. दुसरे नव्हतेच, तेच फोटो पाठवले. उत्तर आले, ‘दोष आढळला नाही.’ दोष हा शब्द त्यांच्या पत्रात आला तो हा एवढाच.

"एखादा तरी ठिपका तोंडावर पडू द्यायचा होता," मी चिडून म्हणालो.

"लेकीच्या लग्नाचा फोटो एकदाच निघते. कंपनीसाठी तिच्या गालावर डाग पाडू?"

मग ते उठले. भिंतीला पांढरी चादर लावली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. "माह्यावर पाडा."

चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात गाल कुठे यायला हवा ते त्यांना पाठ होते. मी कॅमेरा तिरपाच धरला.

"सरळ धरा, गुरुजी. नुसते पत्रंच लिहून राह्यले तुमी इतके दिवस."

तो फोटो कंपनीला गेला. काही महिन्यांनी कंपनीचे निवेदन निघाले. ‘काही कॅमेऱ्यांत, काही परिस्थितीत, काही प्रमाणात’ ठिपके दिसू शकतात, दुरुस्ती मोफत. मी ते दुकानात वाचून दाखवले.

"किती ‘काही’ हायेत त्याच्यात," ते म्हणाले. "जाऊ द्या. झालं त कबूल." त्यांनी स्वतः पार्सल शिवले, वडिलांसारखे, बारीक टाक्यांनी. पुढच्या सोमवारी दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली.

दुरुस्तीच्या अर्जावर माझा नंबर होता. शुक्रवारी कंपनीचा फोन आला. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? मालक वारले, मी सांगितले. पलीकडची मुलगी म्हणाली, "मग त्यांच्या वतीने आपण द्याल का?" मी फोन ठेवला.

कॅमेरा त्यांच्या घरी कपाटात आहे. तो आता निर्दोष आहे. तालुक्यातल्या अल्बमांत माणसे थोडी डावीकडे उभी आहेत. हमीदभाईंचा एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात पांढरी चादर आहे, उजव्या कोपऱ्यात ते आहेत, आणि त्यांच्या गालावर तीन ठिपके आहेत.