गुलाबी सोयाबीन

मैत्रिणींनो, लेकरांना बिस्किटं नको, भाजलेलं सोयाबीन अन् गूळ द्या, असं काल मीच इथं लिहिलं होतं. आज तेच करून दाखवायला तेलुगू मुलखात, भीमपूरला भावाकडं आले.

कढई तापत ठेवली अन् सात वर्षांच्या भाचीला म्हटलं, "पिंकी, वाटीभर सोयाबीन आन बरं."

तिनं आणलेले दाणे गुलाबी होते. पेरून उरलेलं बियाणं, कीड लागू नये म्हणून विष चोळलेलं.

"हे काऊन आनलं वं?" मी ओरडलेच.

"आत्या, याले औषध लावलं हाय. बाबाच म्हने."

"तू खाल्लं तर नाही ना?"

"मी नाही. सोनीले खोकला हाय ना, म्हून तिले देल्ले."

सोनी पिंकीची धाकटी बहीण, तीन वर्षांची. मागच्या दारात बसली होती. ओठ गुलाबी झाले होते.

आता दवाखान्याच्या बाकावरून लिहून राह्यले. नर्सनं तेलुगूत विचारलं, "ए मंदू?" म्हणजे कोणतं औषध? त्यांच्याही भाषेत फवारणीच्या विषाला औषधाचाच शब्द. सोनी झोपली आहे. नर्स घडीघडी येऊन तिला हलवून बघते.

भावाला काय बोलू? फवारणीच्या डब्याला मीही जन्मभर औषधच म्हणत आले.

तुमच्या घरी त्याले काय म्हणता? अन् म्हणता तेव्हा कोण ऐकत असते?