हवा मोजणाऱ्या डब्याची खोळ

आमच्या शेजारच्या वहिनी शिवणकाम करायच्या आणि उघडी वस्तू त्यांना बघवायची नाही. फ्रीज, मिक्सर, रेडिओ, सगळ्यांना खोळी. मी चेष्टेनं म्हणायचे, "वहिनी, भाऊजींनाही एक शिवा." त्या म्हणायच्या, "मापाला उभे राहतील तर ना!"

पण बिचाऱ्या करणार काय? भिंतीला लागूनच फरशा घासायचा कारखाना. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटानं नाव लिहावं इतकी पांढरी भुकटी. त्यात त्यांची एकुलती एक लेक ठमी दम्यानं बेजार. शेवटी डॉक्टरांनी हवापालट सुचवला, म्हणून तिला मावशीकडे ठेवली. तिथे पोर सुधारली. इकडे आईच्या घशाखाली घास उतरेना.

मग विद्यापीठाची माणसं आली. हवेतल्या धुळीनं मुलांच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करत होती. घराघरात हवा मोजणारा एकेक डबा ठेवून गेली. त्यांच्यातली संशोधक मुलगी गोड बोलायची. "मावशी, याला हात लावू नका हं," एवढंच म्हणाली. वहिनींनी हात लावलाच नाही. डब्यावर धूळ बसू नये म्हणून फुलाफुलांची, चांगली अस्तर लावलेली खोळ शिवली आणि वरून अलगद घातली. न्यायला माणसं आली तेव्हा काढून ठेवली. लोकांची महागाची वस्तू, दिली तशी परत करायला नको?

घरातली हवा स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, घरात दोष दिसत नाही, मुलीला आणायला हरकत नाही. वहिनी त्याच दुपारी बसमध्ये बसल्या.

ठमी आली आणि थंडी सरायच्या आत गेली. दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. त्या दिवसाबद्दल मला अजून बोलता येत नाही, आणि कुणी विचारूही नये.

पुढे ती संशोधक मुलगी पुन्हा आली. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे आकडे वाईट, यांचेच तेवढे चांगले कसे, म्हणून विचारायला. ठमीचं तिला दारातच कळलं. तरी वहिनींनी तिला बसवलं आणि खोळीचं सरळ सांगून टाकलं. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. मी त्या मुलीला डोळ्यांनी खुणावत होते, आता गप्प बस बाई. पण वहिनी काय दूधखुळ्या होत्या?

"म्हणजे घरात धूळ होती," त्या म्हणाल्या.

"तुमची चूक नाही, मावशी. आम्हीच नीट सांगायला हवं होतं," म्हणत ती रडायलाच लागली.

माझं डोकं असं फिरलं! रडायचं कुणी, आणि रडतंय कोण.

वहिनींनी तिला पाणी आणून दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ठमीला यायचं नव्हतं हो, ताई. तिथे पळायला लागली होती. मीच म्हटलं, आईपाशी चल."