चौकातल्या पायऱ्यांवर आमची आळी

पालघरला तो नवीन चौक झाला तेव्हा तिथले फोटो सगळ्यात आधी टाकणाऱ्यांत मी होते, हे आधीच सांगून टाकते. पालघर-बोईसर रस्त्याला जिल्ह्याची मोठमोठी ऑफिसं झाली, मग त्या अंगाला एकेक बिल्डिंग उभी राहायला लागली, आणि जिथे लहानपणी एसटीच्या खिडकीतून नुसतं गवत दिसायचं तिथे एक भलंमोठं काचेचं कन्व्हेन्शन सेंटर आलं. त्याच्यापुढे फरशीचा चौक, चौकात जमिनीतूनच उडणारं कारंजं, बसायला रुंद रुंद पायऱ्या, सायकलीसाठी वेगळी पट्टी. आम्हाला वेडच लागलं. मी बोईसरला एमआयडीसीतल्या एका ऑफिसात बिलं टाइप करते. शनिवारी सुटले की मैत्रिणीची स्कूटी आणि थेट तिथे. माकुणसारसारख्या गावातल्या मुलीला कुठेतरी नुसतं बसता येणं, आणि तेही कोणी येऊन 'कोणाची गं तू' असं न विचारता, ही केवढी मोठी गोष्ट आहे ते गावात राहिल्याशिवाय कळणार नाही.

एका रविवारी मी पप्पांना घेऊन गेले. पप्पा तारापूरच्या कंपनीत मशीनवर आहेत, आयुष्य सगळं शिफ्टमध्ये गेलंय. ते हात पाठीमागे बांधून पूर्ण चौक फिरले. सेंटरच्या काचेला त्यांनी हळूच बोट लावून बघितलं आणि रुमालाने बोटाचा डाग पुसला. मग म्हणाले, "आपल्या मोठीचं लग्न इथे केलं तर?"

मोठी म्हणजे माझी ताई. तिचं बोईसरच्या मुलाशी ठरलं होतं. मी अक्षरशः उडी मारली. घरी आई म्हणाली की मांडव दारातच पाहिजे, आळी काय म्हणेल. मी आईला मोबाइलमध्ये हॉलच्या झुंबराचे फोटो दाखवले, स्टेज दाखवलं, पावसाची भीती नाही, उन्हाची नाही, चिखल नाही. पप्पा आणि मी एका बाजूला झालो. आई म्हणाली, करा तुम्हाला काय करायचंय ते.

बुकिंगला गेलो तेव्हा तिथला मॅनेजर फार गोड बोलला. "सर, प्लेट का काउंट पहले से देना पड़ेगा. और डाइनिंग में एंट्री कूपन से होती है. बाद में बोलेंगे गाँव से और लोग आ गए, तो किचन क्या करेगा?" पप्पांनी अशी मान हलवली जशी काही आमच्या घरातली आधीची लग्नं पण कुपनावरच झाली होती. मी पण हलवली.

आता इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. आमच्या गावात लग्नाचं आवतान चूलबंद असतं. म्हणजे ज्या घराला आवतान दिलं त्या घराची चूल त्या दिवशी पेटत नाही. म्हातारं, तान्हं, माहेरी आलेली लेक, तिच्यासोबत आलेली नणंद, सगळे लग्नाच्या घरी जेवायला. किती जण येणार हे कोणी कोणाला विचारत नाही. ते विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावण्यासारखं. भात अंदाजाने चढतो, आळीतल्याच बायका शिजवतात, आणि कधी कमी पडल्याचं मी बघितलेलं नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. जो नुसत्या अक्षता टाकून न जेवता परत गेला, त्याने त्या घराशी संपवलं. मग त्या घरात कोणी वारलं तरी तो खांदा द्यायला येत नाही. आमच्या गावात असं एक घर आहे. त्यांच्या म्हातारीच्या मयताला बाहेरून माणसं बोलवावी लागली होती.

हे मला माहीत होतं. पप्पांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तरी आम्ही दोघं पत्रिका आणि कुपनं घेऊन आळीत निघालो. पहिल्याच घरात कळलं की पप्पांच्याने ते होणार नाही. ते पत्रिकेला कुंकू लावायचे, हात जोडायचे, "यायचं हां" म्हणायचे, आणि मग उठून चपला घालायला बाहेर जायचे. चपला घालायला इतका वेळ कोणालाच लागत नाही. मागे मी, हातात मोबाइल. "काका, किती जण येणार? हॉलवाल्याला सांगायचंय." अंगठा तयार.

कोणी रागावलं नाही. राग केला असता तर बरं झालं असतं. एका घरातला आजोबा म्हणाला, "लिव, चार माणसं नि एक मांजर. मांजराला कुपन लागंल का?" मी हसले आणि चार टाइप केलं. पुढच्या घरात बाई आत वळून मोठ्याने ओरडली, "अगो, कोण कोण उपाशी ऱ्हाणार हाय, ते सांगा, पोरगी लिवून घेते." तिथेही मी हसले. हसता हसता माझे कान तापले होते, घामाने स्क्रीनवर बोट घसरत होतं, आणि तरी मी प्रत्येक घरी तोच प्रश्न तसाच विचारत गेले, कारण मधेच थांबले असते तर आधीच्या घरांना का विचारलं याचं काय उत्तर होतं?

सगळ्यात शेवटी मोठी काकी. पप्पांच्या चुलत भावाची बायको, आमच्या भिंतीला भिंत. ताईला लहानपणी टायफॉईड झाला तेव्हा आई शेतावर जायची आणि ही उशाशी बसायची. आळीतल्या प्रत्येक लग्नात भाताच्या पातेल्यावर हीच उभी असते. पप्पा इथेही चपला घालायला गेले. मी विचारलं.

काकी वाडीतली विड्याची पानं जुड्यांसाठी एकावर एक लावत होती. वर न बघता म्हणाली, "आमच्या घरात चूल एकच हाय. ती बंद ठेवायची का नाय, तेवढं सांग."

मी म्हटलं, "काकी, मला आकडा पाहिजे."

असं म्हटलं मी. जसं ऑफिसात फोनवर म्हणते तसं.

"मग एक लिव," ती म्हणाली. "पोरीला बघायला एक माणूस बस झालं."

मी एक लिहिलं, आणि एक कुपन तिच्या पानांच्या टोपलीशेजारी ठेवून आले. बाहेर पप्पांनी विचारलं, "काय म्हणाल्या वहिनी?" मी म्हटलं, "एक."  ते घरात न शिरता ओट्यावरूनच येणाऱ्या-जाणाऱ्यांशी पावसापाण्याच्या गप्पा मारत राहिले.

लग्नाच्या दिवशी गावातून बस ठेवली होती. पप्पा सकाळपासून चौकात उभे होते, बसची वाट बघत. आली तर खच्चून भरलेली. सगळे आले होते. म्हातारे, पोरं, तान्ही, कोणाच्या तरी नणंदा. बायकांनी ठेवणीतली लुगडी-साड्या नेसल्या होत्या, डोक्यात घरच्या वाडीतला मोगरा. काकी पुढच्या सीटवरून उतरली, तिने ताईसाठी नारळ आणला होता. पप्पांचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला, कारण कुपनं तेवढी नव्हती. ते मॅनेजरकडे धावले. मी तेव्हा नुसती खूश होते. मला वाटलं, चला, आले, म्हणजे झालं गेलं विसरले.

अक्षता पडल्या. आमच्या आळीने त्या एसी हॉलमध्ये मंगलाष्टकांना असा काही आवाज लावला की मुलाकडचे वळून बघायला लागले. मग डाइनिंगची दारं उघडली, मुलाकडच्यांनी रांग लावली, मीही मैत्रिणींसोबत घुसले, ताट घेतलं, पनीर घेतलं, गुलाबजाम घेतला. आणि ताट हातात धरून वळले तर काचेतून बाहेर आमची आळी दिसली.

ते सगळे चौकातल्या पायऱ्यांवर बसले होते. ओळीने, पंगतीला बसावं तसे. पुढ्यात काही नाही. कोणी बाटलीतून पाणी पीत होतं. पोरांनी कारंज्यात पाय घातले म्हणून वॉचमन शिट्टी वाजवत होता. आणि ती काच, जिचं आम्ही इतकं कौतुक केलं होतं, तिच्यातून आम्हाला ते दिसत होते तसे त्यांनाही आम्ही दिसत होतो. उभे, ताट हातात, चावत. 

पप्पा खांबाआड उभे होते. मला म्हणाले, "जा, बोलाव. मॅनेजरला मी सांगितलंय, कुपन नको आता कोणाला. जा ना."

"तुम्ही चला."

"तू जा आधी."

मी गेले. ताट कुठेतरी ठेवलं, पण हाताला पनीरचा रस्सा लागला होता, तो पदराआड लपवला. म्हटलं, काकी, चला ना जेवायला, कुपन वगैरे काही नाही.

"आमी जेवून आलो," काकी म्हणाली. आवाज एकदम नेहमीचा. "सकाळी चूल पेटवली सगळ्यांनी. तू जेव जा, पान टाकून येऊ नये."

"काकी, असं नका ना करू. पप्पा..."

"पप्पा कुठं हायत?"

मी मागे बघितलं. तेव्हा पप्पा आले बाहेर. पायऱ्यांच्या खाली उभे राहून त्यांनी सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं. चूलबंद आवतान हाय सगळ्यांना. चला." किती वर्षांनी ते 'हाय' म्हणाले असतील. कंपनीत गेल्यापासून ते 'आहे' म्हणतात.

कोणी उठलं नाही. मांजरवाला आजोबा खाली बघत म्हणाला, "आवतान उंबऱ्यावर देतात, बाबा. असं रस्त्यात नाय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी खरं सांगते. आळीलाही ते जड जात होतं. मग बस आली आणि ते एकेक करून चढले. काकीने ताईला आत जाऊन जवळ घेतलं, नारळ ओटीत घातला, आणि तीही चढली.

जेवण ढिगाने उरलं. पप्पा म्हणाले टेम्पोत घालून गावात नेऊ. आई तेवढ्यात त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. "उरलेलं घेऊन जाल त्यांच्या दारात?"

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. आळीत कोणी बोलायचं थांबलं नव्हतं. विहिरीवर, दुकानात, सगळं तसंच. फक्त आमच्या ओट्यावर संध्याकाळी कोणी टेकेना. पप्पा शिफ्टवरून आले की मागच्या दाराने आत यायचे. त्यात सेंटरवाल्यांनी त्यांच्या पेजवर एक फोटो टाकला. कारंजं, निळं आकाश, आणि पायऱ्यांवर रंगीबेरंगी साड्यांत बसलेली आमची आळी. खाली लिहिलं होतं, सर्वांसाठी खुली जागा. फोटो सुंदर होता, तेच वाईट होतं. ऑफिसातल्या मुलींनी मला पाठवला, अय्या, हे तुमचं गाव ना, किती गोड. मी हार्ट पाठवलं. दुसरं काय पाठवणार होते?

मग एका सकाळी काकी आमच्या उंबऱ्यावर आली. तिच्या नातवाचं बारसं होतं. मी आत भाकरीचं पीठ मळत होते, माझा हात थांबला. मला वाटलं, आता ही म्हणणार, घरटी एक माणूस या. म्हणायला पाहिजेच होतं तिने.

"रविवारी बारसं हाय," ती आईला म्हणाली. "चूलबंद हां." आणि गेली.

रविवारी पप्पा म्हणाले, "मी नाही येत. तुम्ही जा."

आई म्हणाली, "मग उपाशी राहा. चूल नाय पेटणार."

गेलो सगळे. अंगणात पंगत, केळीची पानं, वालाची भाजी, वडे, खीर. पप्पा अगदी टोकाला, भिंतीकडे बसले. वाढपी भात घेऊन त्यांच्यापाशी आला तेवढ्यात ओळीतून कोणीतरी म्हणालं, "अरे, कुपन बघ आधी." सगळी पंगत हसली. पप्पाही हसले. मी त्यांच्या समोरच्या ओळीत होते, मला त्यांची मान दिसत होती, लाल झालेली. आजोबांना हसता हसता ठसका लागला आणि पप्पांनीच त्यांच्यापुढे पाणी सरकवलं. हसणं संपल्यावर भात वाढला गेला. पप्पांनी खाली मान घालून सगळा खाल्ला, वालाचा एक दाणा ठेवला नाही.

पंगत उठली. पप्पांनी हात धुतले आणि घरी जायचं सोडून परत वळले. वाकून पहिलं पान उचललं, दुमडलं, मग शेजारचं. आमच्याकडे उष्टी काढणं घरचीच माणसं करतात, आणि तीही वयाने लहान. पप्पा पन्नाशीच्या पुढचे. एक पोरगा धावत आला, "काका, तुमी ठेवा, आमी काढतो."

काकी भाताच्या पातेल्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "ऱ्हाव दे. काढू दे त्यांना."

पोरगा बाजूला झाला. पप्पा पुढच्या पानाकडे सरकले, आणि मी दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.