चौथी चादर

हिराजी नाना वॉशिंग मशीन दुरुस्त करायचे. पण "नवीन मशीन कोणती घेऊ?" असं कुणी विचारलं, की ते कंपनीचं नाव सांगत नसत, धुणं मागत. "तुमचा धुना दाखवा आधी," असं म्हणून सरळ घरात शिरत, मोरीच्या दाराशी उकिडवे बसत आणि त्या दिवशी धुवायला काढलेले सगळे कपडे फरशीवर पसरायला लावत. घरातल्या बायका संकोचाने अर्धमेल्या होत. नानांना त्याचं काही नसे. डॉक्टर जीभ बघतो तशा तटस्थपणे ते कपडे बघत.

साठी ओलांडलेले, ठेंगणे, रुंद पंजांचे. शर्टाच्या खिशात टेस्टर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि खांद्यावर एक टॉवेल, जो कधी कोरडा नसे. मूळचे शिरवण्याचे. शेती होती ती नवं शहर वसवताना सरकारने घेतली, मग एका कारखान्यात फिटर झाले, कारखानाही बंद पडला. गावातल्या घरावर मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या होत्या, त्यामुळे पोटासाठी काही करायची गरज नव्हती. मग हा व्याप कशाला, असं विचारलं तर म्हणत, "घरी बसलो त बायको कामाला लावंल. त्याच्यापेक्षा लोकांच्या मशिनी बऱ्या."

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते आमच्या जुन्या मशीनने राम म्हटला तेव्हा. आम्ही नेरूळला चौथ्या मजल्यावर राहतो, वर फक्त पाण्याची टाकी. मशीन दोन दिवस घरघरत होती आणि खालच्या काकूंच्या छताला ओल आली होती. नानांनी मशीनच्या झाकणावर पालथा पंजा ठेवला, ती चालू करायला लावली आणि थोड्या वेळाने म्हणाले, "गेली. हिच्यावर पैसे घालू नका."

मी तयारीत होतो. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी प्रयोगशाळेत काम करतो. तपासल्याशिवाय मी चहात साखरही घालत नाही, असं माझी बायको विद्या म्हणते. मी अकरा मॉडेलांचा तक्ता केला होता. मोटारीची वॉरंटी, पाण्याचा वापर, फेऱ्यांचा वेग, लोकांचे अभिप्राय, सगळं रंगीत रकान्यांत. समोरून दार उघडणारी, मोबाइलवरून चालणारी एक मशीन पहिली आली होती. मी तो कागद मोठ्या रुबाबात नानांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो खालपासून वरपर्यंत वाचला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"सगला हाय यात," ते म्हणाले. "मानसा कुठं हायत?"

मग त्यांनी धुणं मागितलं. विद्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू हा माणूस मीच मुद्दाम शोधून आणला आहे. पण रविवार होता, कपडे काढलेलेच होते. नाना एकेक कपडा उचलत गेले. मुलांचे गणवेश, कॉलरींवरचा मळ, माझा कंपनीचा जाड शर्ट. विद्याच्या एका पांढऱ्या ओढणीवरचा पिवळसर थर नखाने खरवडून त्यांनी विचारलं, "बोअरचा पानी मारतात का टाकीन?" मारत होते, उन्हाळ्यात. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नसतो हे त्यांनी नळ सोडून बघितलं. मग आतल्या खोल्यांत डोकावून आले आणि बोटांनी काहीतरी मोजलं.

"आज चादरी काढल्या ना?"

"हो, रविवारी सगळ्या काढतो," विद्या म्हणाली.

"खाटा चार, चादरी तीन."

"आईंची त्या स्वतःच धुतात. रोज. त्यांना आमच्यात मिसळलेली चालत नाही."

हे सांगताना विद्याचा आवाज थोडा दुखावलेला होता, आणि त्यात तिची चूक नव्हती. आई म्हणजे माझी आई. बाबा गेल्यावर ती परभणीहून आमच्याकडे आली. आमच्या घरात सोवळं-ओवळं कधी नव्हतं. असणारच नव्हतं, त्या शब्दाने आमच्या आज्यापणज्यांचं काय केलं ते आम्हाला ठाऊक आहे. आणि गेल्या वर्षभरात आईनेच आपली चादर, आपले परकर, आपली बादली वेगळी केली होती. कुणी हात लावलेला तिला खपत नसे. "सासूबाईंना म्हातारपणी सोवळं सुचलंय," असं विद्या एकदा मला म्हणाली होती आणि मी हसून सोडून दिलं होतं. आईने दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाणंही बंद केलं होतं. गुडघे दुखतात, म्हणायची. आम्ही गुडघ्याला तेल आणून दिलं.

नाना उठले आणि आईच्या खोलीत गेले. गॅलरीत तिची चादर वाळत होती, हाताने पिळलेली, वळ्या पडलेली. "मावशी, चा मिळंल का?" असं विचारून ते तिच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसले. आईने विद्याला चहा सांगितला. नाना आईशी परभणीच्या उन्हाबद्दल आणि शिरवण्यातल्या जुन्या भातखाचरांबद्दल बोलले, मशीनचा विषयही काढला नाही. आईच्या हातून चहाचा कप घेताना मात्र ते तिच्या हातांकडे बघत होते. बोटांची टोकं साबणाने फुटली होती. मला ती त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, आणि मी त्याच घरात राहत होतो.

खाली सोडायला गेलो तेव्हा जिन्यात दुसऱ्या मजल्यावर ते थांबले. "साहेब, रोज चादर धुनारा मानूस हौसेनी धुत नाय."

मला क्षणभर कळलं नाही. मग गॅलरीतली वळ्या पडलेली चादर आठवली, आणि कळलं.

"माझी आय तशीच धुवायची," ते म्हणाले. "पहाटंला, दिवा न लावता. आमाना वाटायचा हिला धुन्याची सवय हाय. ती गेली नि मंग कलला, तिचा लघवीवर ताबा नव्हता. पाच पोरं होतो घरान, एकालापन समजला नाय." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "तुमी तिला इचारू नका. ती सांगंल तवा सांगंल. आपून मशीन अशी लावू का तिला कोनाला हाक मारायला लागनार नाय."

दुसऱ्या दिवशी ते एक सुतळी घेऊन आले. आईला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि काखेपासून बोटाच्या टोकापर्यंत माप घेतलं. "मावशी, झाकनाच्या उंचीचा माप हाय," एवढंच सांगितलं. आई म्हणाली, "ब्लाउज शिवताव का काय?" आणि बऱ्याच दिवसांनी हसली. नानांनी सुतळीला गाठ मारून ती खिशात टाकली आणि आम्ही दोघे दुकानात गेलो.

दुकानातला सेल्समन तरतरीत होता. मोबाइलवरून मशीन कशी सुरू होते, ती गाणं कसं म्हणते, तिला कपड्याचं वजन कसं कळतं, हे तो सांगत होता. नाना एकेका वरून उघडणाऱ्या मशीनचं झाकण उचलून आत सुतळी सोडत होते. सुतळी तळाला टेकली नाही की झाकण बंद, पुढची मशीन. सेल्समन बिचारा बोलायचा थांबला आणि मशीनमध्ये डोकावून बघू लागला.

"काका, काय चेक करताय?"

"हाताला तल लागला पायजे. खाली राहिलेला मोजा काढायला म्हातारा मानूस डोक्यावर उभा राहील का?"

समोरून उघडणारी त्यांनी आधीच बाद केली होती. ती कपडे जास्त स्वच्छ धुते आणि पाणीही कमी घेते, हे त्यांनी कबूल केलं. पण वाकावं लागतं, आणि दार एकदा बंद झालं की ते उघडत नाही, मागाहून काही टाकायचं असेल तर कुणाला तरी विचारावं लागतं. दोन टपांची स्वस्तातली मशीन नको, कारण ओल्या चादरीचं ओझं एका टपातून दुसऱ्यात उचलावं लागतं. बटणांच्या रांगा बघून ते मला म्हणाले, "जवरी बटना, तवरे माझे फेरे. माझा धंदा वाढंल, घ्यायची त घ्या." शेवटी सुतळी एका साध्या, आखूड मशीनच्या तळाला टेकली. तिला एकच फिरवायची कळ होती. माझ्या तक्त्यात ती नववी होती.

"ही टिकेल का पण?" मी विचारलं. सवय जात नाही.

"घरातला सगल्यात थकलेला मानूस जी चालवतो ती टिकते. बाकीच्या मशिनी दुसऱ्याची वाट बघत गंजतात."

मशीन मोरीत न ठेवता आईच्या गॅलरीत ठेवायची, हेही त्यांनीच ठरवलं. त्यासाठी तिथे नवा नळ आणि सांडपाण्याची नळी न्यावी लागणार होती. विद्याने कारण विचारलं तेव्हा नाना म्हणाले की तिथे पाण्याला जोर बरा आहे. जोर सगळीकडे सारखाच मरतुकडा होता. सबंध दिवस घालवून त्यांनी नळी टाकली. मशीनखालचा स्टँड काढून टाकला, ती दोन रबरी तुकड्यांवर बसवली, आणि कळ कशी फिरवायची ते फक्त आईला शिकवलं. मी शिकायला पुढे झालो तर मला पान आणायला पिटाळलं.

त्यानंतर आईची चादर आमच्यातच आली. म्हणजे आमच्या चादरी तिच्याकडे गेल्या. पहाटे साडेपाचला मशीन सुरू होई आणि आम्ही उठेपर्यंत घरातलं सगळं धुणं दोरीवर असे. कुणाचा पायजमा उलटा आला की आई झापायची. कामाच्या बाबतीत ती पुन्हा घरातली मोठी झाली. विद्याला मी खरं कारण महिन्याभराने सांगितलं. तिने हातातली चादरीची घडी उलगडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "आणि मी सोवळं म्हटलं."

माझं मात्र समाधान होत नव्हतं. ह्यावर उपचार असतात, गोळ्या असतात, व्यायाम असतात, हे मी वाचून काढलं होतं. एकदा न राहवून मी आईला म्हटलं, "आई, एकदा डॉक्टरकडे सगळी तपासणी करून घेऊ. लघवीबिघवीची पण." आईचा चेहरा उतरला. दोन दिवस मशीन बंद राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे मोरीतून बादलीचा आवाज आला. ती पुन्हा हाताने धुत होती, नळ बारीक सोडून.

मी नानांना फोन केला. ते आले, मशीनची जाळी साफ करायची आहे म्हणून आईच्या गॅलरीत तासभर बसले, आणि मशीन पुन्हा सुरू झाली. जाताना जिन्यात मला म्हणाले, "तुमची घाई तुमच्या लॅबन ठेवा. ती तुमची आय हाय, नमुना नाय." मला त्यांचा राग आला होता. ते बरोबर होते की नाही, हे मला आजही पक्कं सांगता येत नाही. वेळेवर उपचार झाले असते तर तिचा त्रास लवकर कमी झाला असता. पण त्या दिवसानंतर मी जीभ आवरली.

नाना दर दोन-तीन महिन्यांनी न बोलावता येत. जाळी साफ करत, नळीतला बोअरचा क्षार काढत, चहा पीत. पैसे घेत नसत. "मावशीचा चा घेतला ना," म्हणत. त्या दोघांनी कधी त्या विषयावर शब्द काढला असेल असं मला वाटत नाही. त्यांचं सगळं बोलणं शेतीचं असे, आणि दोघांकडेही आता शेत नव्हतं.

मागच्या वर्षी थोड्याशा आजाराने नाना गेले. त्यांच्या मुलाचा फोन आला, दशक्रियेचा दिवस कळला. मी एकटाच जाणार होतो. आई म्हणाली, "मी बी येते." तीन वर्षांत ती अर्ध्या तासापेक्षा जास्त घराबाहेर राहिली नव्हती. मी काही बोललो नाही. विद्याने तिला पौर्णिमेची पांढरी साडी काढून दिली, पिशवीत दुसरी एक घडी करून ठेवली, आणि आईने ती पिशवी मुकाट्याने घेतली.

शिरवण्याच्या घरात पुढच्या खोलीत बायका बसल्या होत्या. नानांच्या पत्नी मध्ये होत्या. त्या उरणजवळच्या मोरा गावच्या, नानांपेक्षाही ठेंगण्या. मी दारातच उभा राहिलो. आई त्यांच्यापाशी जाऊन खाली बसली, गुडघ्यांची तक्रार न करता, आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मी नेरूळची. आमची मशीन त्यांनीच बसवली," आई म्हणाली. "माझा लघवीवर ताबा राहत नव्हता, बाई. मी चोरून चादरी धुवायची. पोराला माहीत नव्हतं, सुनेला माहीत नव्हतं. तुमच्या मालकानं वळखलं. माझ्या चादरी झाकायला त्यांनी सगळ्या घरची मशीन माझ्या दारात आणून ठेवली. मला कुणापुढं उघडं पडू दिलं नाही."

ती हे हळू आवाजात बोलत नव्हती. खोलीतल्या सगळ्या बायका ऐकत होत्या. दोघी-तिघींनी माना खाली घातल्या, आणि त्यातली एक माझ्या आईच्याच वयाची होती.

नानांच्या बायकोने पदराने डोळे टिपले. "इतकी वर्सा तुमच्याकरं येत होते," त्या म्हणाल्या, "पन मना कदी सांगला नाय ओ."

"ठाऊक हाये मला," आई म्हणाली. "म्हणून तर मी सांगायला आले."

परत येताना रिक्षात आईने पिशवी मांडीवर घेतली होती. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती बाहेरच बघत म्हणाली, "तू मागं डॉक्टरचं बोलला होतास ना. घे उद्याची वेळ. बाई डॉक्टर बघ पण."

मी तिथेच, रिक्षातच, फोन लावला.