पडवळाचं आतडं

"तुझा हात जड आहे. आतड्याला तू हात लावायचा नाहीस."

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मी सर्जरी शिकत होते, तेव्हा सर भर ऑपरेशनमध्ये, सगळ्यांदेखत हे म्हणाले. बरोबरचे आतडी जोडायला लागले होते आणि मी आपली जखमेच्या कडा ओढून धरत उभी. असंच चाललं असतं तर मी फक्त कागदावर सर्जन झाले असते. अस्सा संताप आला! सरावाचं महागडं यंत्र होतं ना आमच्याकडे, पण कुलपात. पाहुणे आले की तेवढं बाहेर निघायचं.

म्हटलं, जड तर जड. घरी शिकते.

कांजूरमार्गच्या आमच्या स्वयंपाकघरात मी माकूल, म्हणजे स्क्विड नावाची मासळी, शिवायला बसले. त्याची पांढरी, बुळबुळीत नळी थेट आतड्यासारखी. मधोमध कापायची, शिवणाच्या धाग्याने जोडायची, एक तोंड बांधून नळाखाली धरायची. जोडातून पाणी गळलं की उसवा, पुन्हा शिवा. हळूहळू गळायचं थांबलं. मी खूश. तेवढ्यात श्रावण लागला.

"आता ह्या घरात माकूल येवचा नाय, सांगान ठेवतंय," आई म्हणाली. आम्ही मालवणकडचे, श्रावणात मासळीचं नाव काढायचं नाही. मी कडाकडा भांडले. तिने माझ्यापुढे पडवळ आपटलं. "भाजी तरी चिर!"

चिरलं तर आत बिया आणि गर. खरवडून काढला की नळीच की! कच्चं कडक लागलं म्हणून जरा वाफवलं. पहिल्याच टाक्याला धागा कचकन आत शिरला आणि ते फाटलं. दुसऱ्यालाही तेच. माकूल चिवट, कसंही ओढा, सहन करतं. वाफवलेलं पडवळ नाही करत. सुजलेलं आतडंही नाही करत. म्हणजे सर खरंच बोलले होते. रडूच फुटलं मला. पण म्हणून सोडतेय थोडीच!

अख्खा श्रावण आमच्याकडे पडवळ. बाबा घासातून काळा धागा ओढून ताटाच्या कडेला ठेवायचे. "अगं, पेशंट वाढतेस की काय?"

शेवटी एक जोडलेलं पडवळ डब्यात घालून नेलं आणि सरांसमोर त्यात पाणी भरलं. थेंब गळला नाही.

"ही भाजी आहे," सर म्हणाले.

"हो सर. यंत्र कुलपात आहे."

 पुढच्या ऑपरेशनला सुई सरांनी माझ्या हातात दिली आणि स्वतः समोर उभे राहिले. "ओढू नकोस" म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

पेशंट मासळी विकणारी एक कोळीणबाई. जोड सुटला तर तिच्या जिवाशी गाठ. आतडं शिवल्यावर सर्जन एकाच गोष्टीची वाट बघतो, पेशंटला वारा सरायची. सरला की समजायचं, आतडं चालू लागलं. तोवर मला अन्न गोड लागेना. रोज जाऊन विचारायचे, बाई नुसती नाही म्हणून मान हलवायची.

एका सकाळी सर राउंडवर होते, मी त्यांच्या मागे. बाईने खाटेवरूनच अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "डॉक्टरीण, पादले गं बाय एकदाची!"

वॉर्ड हसला. सरही हसले. मी नाही हसले. माझे दोन्ही जड हात पुढे करून मी सरांकडे बघत उभी राहिले.