श्रीताडाच्या आळ्यातली आंघोळ

मामंजींनी कारवारच्या रानातून श्रीताडाचं रोप आणलं. तिकडे हा दुर्मिळ ताड झऱ्याकाठी आपला आपण वाढतो म्हणे, आणि आमच्या बेलापुरात बहात्तरचा दुष्काळ! मग मामंजींनी फर्मानच काढलं, सगळ्यांनी त्याच्या आळ्यात उभं राहूनच आंघोळ करायची, म्हणजे तेच पाणी रोपाला. आम्हा बायकांना लुगड्याचा आडोसा.

त्यातच नणंदेचा दिवाळसण आला. सासूबाई नव्या जावयांना तेल-उटणं लावायला निघाल्या, तर मामंजी आडवे!

"तेल नको, साबण नको. रोप दगावेल."

"अहो, जावई रुसतील!"

"रुसलेला जावई परत येतो, ताड येत नाही."

जावई बिनतेलाचेच न्हाले आणि फुगून गेले. महिन्याभरात रोपाला नवं पान फुटलं. मामंजींनी लगेच जावयांना कार्ड टाकलं, "पान आलं. पुन्हा आंघोळीला या."

अन् आले की हो ते!