एल्डन प्रॉसरची मूळ संख्या

एल्डन प्रॉसर तीस वर्षे आमच्या जिल्ह्याचा वजनमापे निरीक्षक होता. खाटकाच्या काट्यात अर्ध्या औंसाची तफावत निघाली तरी तो दुकान बंद करायला लावायचा. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला एवढा काटेकोर माणूस दुसरा नाही, हे तोच सर्वांना सांगत असे. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने स्वतःचाच सैन्यातला क्रमांक घेतला: १,२३,२७,१२१. कोरियाच्या युद्धात हा आकडा त्याच्या गळ्यातल्या ओळखबिल्ल्यावर होता. ती मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, अशी त्याची खात्री होती. आपल्यासारख्या माणसाला सरकार दुसरा कुठला आकडा देणार?

वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरतं, हे त्याला ठाऊक होतं. वर्गमूळ त्याने अंदाजाने 'साडेतीन हजार' धरलं. चार हिवाळे पेन्सिलीने चारशे एकोणनव्वद भागाकार केले. शेवटचा ३४९९ चा. दर वेळी बाकी उरली.

आमच्याकडे पुष्कळ नवरा-बायको जिवंतपणीच थडग्याचा दगड उभा करून ठेवतात, मृत्यूचं साल तेवढं कोरं. प्रॉसरांच्या दगडावर डावीकडे एल्डन, उजवीकडे विनी. आपल्या नावाखाली एल्डनने आकडा कोरून घेतला आणि त्याखाली 'मूळ संख्या. तपासून पाहिली.'

मे अखेरच्या, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला सगळं गाव फुलं घेऊन दफनभूमीत येतं. त्याच्या आदल्या आठवड्यात विनीने स्वयंपाकघरातल्या कॅल्क्युलेटरवर तो आकडा मारून वर्गमुळाचं बटण दाबलं. ३५११ आलं. पुढे दशांशही नाही.

यंत्र बिघडलंय, असं एल्डनचं मत पडलं. मग त्याने स्वतः भागाकार केला. बाकी शून्य. पेन्सिल खाली ठेवून तो म्हणाला, "तेव्हा सैन्यात आकडे घाईघाईत वाटले."

"अंदाजात अकरानेच चुकलास," विनी म्हणाली. "खाटकाला सोडला असतास एवढा फरक?"

"दगड वाचायला कोण येतंय?"

"त्यावर माझंही नाव आहे, एल्डन. खोट्या मजकुराशेजारी मी निजणार नाही. दुरुस्त कर, नाहीतर मला दुसरी जागा बघ."

पाथरवटाने सांगितलं की ग्रॅनाइटवरचं पुसता येत नाही, वाढवता येतं. एल्डन काही केल्या वाढवेना. शेवटी विनीनेच वाढवलं, आपल्या नावाखाली: ३५११ × ३५११.

स्मृतिदिनाला एल्डनने जिरेनियमची कुंडी बरोबर त्या गुणाकारासमोर ठेवली. जुन्या सैनिकांशी हात मिळवून वळतो तो कुंडी त्याच्या 'तपासून पाहिली'समोर. त्याने ती परत हलवली. दुपारपर्यंत हेच चाललं. एरवी वाकलं की विनीचे गुडघे धरतात. त्या दिवशी तिने एकदाही तक्रार केली नाही.